तगरच्या वाटेवर नवं तंत्र

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचं, म्हणजे आपल्या तेरचं, नाव येतं. इथलं सुती कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. संत गोरोबाकाका कुंभारांचं हे गाव मुळात कारागिरांचं. म्हणूनच कारखानदारीतल्या डिजिटल बदलावरचा हा अंक आम्हाला घरचाच वाटतो.

यंत्राला सेन्सर बसवणं आज फारसं अवघड नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पैसे गुंतवण्याआधी नवं तंत्र वापरून पाहायला जागा नसते आणि फसलेला प्रयोग लहान उद्योजकाला परवडत नाही. सामाईक केंद्रं नेमकी इथे उपयोगी पडतात. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये महागडी चाचणी यंत्रं अनेकांना मिळून वापरता येतात. पुण्याचं ‘सीफोरआयफोर’ केंद्र भारत सरकारच्या ‘समर्थ उद्योग’ योजनेतलं. कारखान्याची डिजिटल तयारी जोखणं आणि माणसं तयार करणं हे त्याचं काम. आमच्या मते, अशा ठिकाणी दोन कारखानदार आपापल्या अडचणी मोकळेपणाने बोलतात, हा लाभ यंत्रांहून मोठा.

या अंकात आम्ही मोठ्या कंपन्यांऐवजी लहान कारखान्यांच्या बाजूने पाहिलं आहे. भूमच्या खवाभट्टीला किंवा गावातल्या डाळमिलला अशा केंद्राकडून नेमकं काय हवं? तुमचा अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखली आहे.