श्रावण अंकाच्या निमित्ताने

रत्नागिरीकडील कातळावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना फुरसे म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. हातभरही लांबी नसलेला, मातकट रंगाचा तो जीव वेटोळे घालून अंगाचे खरखरीत खवले एकमेकांवर घासू लागला, की तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज होई. आणि गवताचा भारा उचलू पाहणारी आमची आजी, पोरांना जागीच थांबवून, हात जोडून ‘वाट दे रे बाबा’ म्हणे. नागपंचमीस ती जमीन खणू देत नसे, विळीस हात लावू देत नसे. या निष्ठेत भय होतेच. परंतु सातबारा आपल्या नावे असला तरी जमिनीचे धनी आपण एकटे नव्हेत, ही जाणीव त्याहून मोठी होती, आणि श्रद्धेचा हाच अंश आम्हांस आजही पूज्य वाटतो. मात्र दंश झालेल्यास अंगारा लावीत देवळात बसवून ठेवणे, ही श्रद्धा नव्हे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. परळच्या हाफकीन संस्थेने ते वर्षानुवर्षे तयार केले आहे. वाचकांनी नवस अवश्य फेडावा, पण रुग्णास आधी सरकारी दवाखान्यात पोहोचवावे.