न झालेल्या गोलांची नोंद

४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई खेळांतले फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. दुसरा गोल जर्नैल सिंग यांचा. ते मूळचे स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, पण आधीच्या एका सामन्यात डोक्याला जखम होऊन टाके पडले होते, म्हणून प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना पुढे खेळवले. ते टाके आणि तो गोल आजही कौतुकाने सांगितला जातो. त्यांची मागची रिकामी जागा अरुण घोष, चंद्रशेखर यांनी त्या दिवशी कशी सांभाळली, हे मात्र कोणी सांगत नाही. देशाचा सर्वांत गाजलेला बचावपटू लक्षात राहिला तोही गोलमुळेच.

स्टॉपर ही जागाच मुळी शंभर वर्षांची. १९२५मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. फॉरवर्डच्या पुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागले आणि गोलांचा पाऊस पडला. तो थोपवायला इंग्लंडमधल्या संघांनी सेंटर हाफला मागे, दोन बॅकांच्या मध्ये आणून उभे केले.

त्याचे काम जवळून पाहावे. फॉरवर्ड चेंडू घेऊन येतो तेव्हा चांगला स्टॉपर त्याच्या अंगावर धावून जात नाही. तो तिरका उभा राहतो, मधली वाट झाकतो आणि बाहेरची मुद्दाम मोकळी सोडतो. समोरच्याला वाटते, वाट मिळाली. तो साइडलाइनकडे सरकतो, गोलचा कोन निमुळता होत जातो आणि शेवटी नाइलाजाने चेंडू मागे देतो. टॅकल झाली नाही, टाळीही पडली नाही. वहीत लिहिण्यासारखे काहीच घडले नाही, आणि तेच त्याचे यश.

गोव्याच्या महेश गवळी यांची सारी कारकीर्द अशा यशांची आहे. टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले. २००३मध्ये जकार्तातच आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालमध्ये ते होते. पुढे डेंपो क्लबच्या सुवर्णकाळात आणि २००७चा नेहरू चषक, २००८चा एएफसी चॅलेंज चषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही ते होते. त्या विजयांची आठवण काढताना ओठांवर येतात ती भुतिया आणि छेत्री या फॉरवर्डांची नावे.

२०२३च्या सॅफ स्पर्धेत बंगळुरूला कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात अखेरच्या क्षणी अन्वर अलीच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि हातातला विजय निसटला. बचावपटूचे नाव गोलच्या रकान्यात बहुधा असेच चढते. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक स्टिमॅच यांच्यावर बंदी असल्याने उपांत्य आणि अंतिम सामन्यात बाकावरून संघ सांभाळला तो सहायक प्रशिक्षक गवळी यांनी. भारताने दोन्ही सामने पेनल्टींवर जिंकले.

गवळींचे शहाणपण निदान बाकापर्यंत पोहोचले. गोव्याच्या वाड्यावाड्यांतले, कोल्हापूरच्या पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या फुटबॉल संघांतले कितीतरी बॅक ते मनातच ठेवून म्हातारे झाले. क्लबांनी आणि तालमींनी त्यांना बोलते करावे. कोणत्या फॉरवर्डला कोणत्या पायावर ढकलले, पावसाळी मैदानावर किती मागे उभे राहिले, हे टिपून ठेवावे. गोल पुन्हा पाहता येतात. न झालेला गोल ज्याने अडवला, त्यालाच विचारावा लागतो, आणि तोही तो हयात आहे तोवरच.