मोटारसायकल कोणाची, मालकाची की कंपनीची?

पावसाळा सरत आला, की पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या शहरांतून रविवारी पहाटे मोटारसायकलस्वारांचे जथे बाहेर पडू लागतात. ताम्हिणी, माळशेज, आंबोली हे घाट, दिवेआगर-श्रीवर्धनचा किनारा, दाभोळ-धोपावेची फेरीबोट ही त्यांची ठरलेली ठिकाणे. परतल्यावर चर्चा रंगते ती मात्र निसर्गसौंदर्याची कमी आणि यंत्राची अधिक. कोणाची चेन किती किलोमीटरला ताणली, उतारावर कोणाचे ब्रेक तापले, कोणी घरीच ऑइल बदलले आणि त्या खटाटोपात ड्रेन बोल्टचे आटे कसे गेले, याचे तपशीलवार कथन होते. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ छंद वाटावा. परंतु या गप्पांचा सूर गेल्या काही वर्षांत बदलला आहे. 'हे कसे दुरुस्त करायचे' या प्रश्नाची जागा 'हे घरी उघडता येते का, आणि उघडले तर वॉरंटी राहते का' या प्रश्नाने घेतली आहे. हा बदल साधा नाही.

आपल्याकडे 'घरचे गॅरेज' म्हणजे अमेरिकन चित्रपटांत दिसते तसे शटर लावलेले प्रशस्त दालन नव्हे. सोसायटीच्या पार्किंगमधली मोटारसायकलपुरती जागा, वरच्या मजल्यावरून ओढलेली विजेची वायर, जुन्या रंगाच्या डब्यात ठेवलेले पाने आणि 'इथे गाड्या धुऊ नयेत' असा फलक लावणारे सोसायटीचे सचिव, एवढाच त्याचा पसारा. तरीही या तुटपुंज्या जागेत दोन पिढ्या यंत्र शिकल्या. राजदूत, येझदी, बुलेट आणि १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० या गाड्यांची रचनाच अशी होती, की मालकाला थोडेफार मिस्त्रीकाम आल्यावाचून गत्यंतर नसे. प्लग काळा पडला तर काढून घासायचा, पॉइंटमधले अंतर फीलर गेजने बसवायचे, कार्ब्युरेटरच्या वाटीत कचरा साचला तर जेट फुंकून पुन्हा लावायचे. पाने गाडीबरोबरच मिळत आणि मालकाच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकेत टॅपेटचे अंतर कसे जुळवावे, हेही दिलेले असे. गाडी बिघडणार हे कंपनीने गृहीत धरले होते आणि ती मालक दुरुस्त करील, हेही. या गाड्यांविषयीच्या आजच्या हळव्या आठवणींत त्या किती वेळा रस्त्यात बंद पडत, हे सोयीस्करपणे विसरले जाते, ही गोष्ट वेगळी.

हे चित्र खऱ्या अर्थाने पालटले ते १ एप्रिल २०२० रोजी. त्या दिवसापासून देशात बीएस-६ प्रदूषण मानके सक्तीची झाली आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी आली. किती पेट्रोल केव्हा सोडायचे, हे सेन्सरकडून आलेल्या माहितीवरून एक छोटा संगणक ठरवू लागला. एप्रिल २०२३ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये गाडीने स्वतःचे दोष स्वतःच ओळखण्याची, म्हणजे ओबीडीची, अट अधिक कडक झाली. तत्पूर्वी २०१८-१९ मध्ये सव्वाशे सीसीवरील गाड्यांना एबीएस बंधनकारक झालेच होते.

या बदलांना विरोध करण्याचे कारण नाही. टू-स्ट्रोक गाड्यांच्या निळ्या धुरात ज्यांनी सिग्नलवर उभे राहून दिवस काढले, त्यांना बीएस-६ चे मोल सांगावे लागत नाही. एबीएसचे तर अधिकच. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती, असे केंद्रीय वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. तेव्हा यंत्र सुधारले, ते सुधारायलाच हवे होते. प्रश्न आहे तो त्या सुधारणेबरोबर मुकाट्याने आलेल्या दुसऱ्या गोष्टीचा. गाडीला काय झाले आहे, हे जाणून घेण्याचे साधन मालकाच्या हातातून निघून कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. मीटरवर इंजिनच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागला, की मालक फक्त एवढेच जाणतो, की दिवा लागला. बाजारात मिळणारा सर्वसाधारण स्कॅनर काही दोषसंकेत वाचून दाखवतो. परंतु नवा भाग जुळवून घेणे, एबीएसच्या यंत्रणेतील हवा पूर्णपणे काढणे, अशा कामांसाठी अनेक मॉडेलांना कंपनीचेच साधन लागते. ते मालकालाही मिळत नाही आणि नाक्यावरच्या मिस्त्रीलाही नाही.

या नाक्यावरच्या मिस्त्रीचा विचार येथे करायलाच हवा. पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड या बाजारांवर केवळ हौशी स्वार जगत नाहीत. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणारा डिलिव्हरीवाला, दूधवाला, पाळीला जाणारा कामगार हे तेथील खरे गिऱ्हाईक. अधिकृत सेवा केंद्रात गाडी एक दिवस अडकली, तर त्यांचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. घरी किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडे काम करून घेणे ही त्यांची हौस नसून हिशेब आहे. हौशी मंडळींची तक्रार जेथे संपते, तेथे त्यांची अडचण सुरू होते, आणि तिला वाचा फोडणारे फारसे कोणी नाही.

मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न पूर्वीच ऐरणीवर आला होता. सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणे हा स्पर्धेचा भंग आहे, असे ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले; परंतु त्या आदेशातील तर्क दुचाकीलाही तितकाच लागू पडतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांबरोबर वाहनांचाही तिच्या कक्षेत समावेश केला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनाला, २४ डिसेंबर रोजी, एक पोर्टल सुरू झाले. मात्र पोर्टल ही सोय आहे, अधिकार नव्हे. कंपनीने माहिती दिली नाही, तर मालकाने कोठे दाद मागावी, याचे उत्तर देणारा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही.

अर्थात, घरी पाना उचलणारा प्रत्येक जण निर्दोष आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दुरुस्ती आणि फेरफार यांतील सीमारेषा या मंडळींतील अनेकांनी स्वतःच पुसली आहे. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर हा त्याचा सर्वांत उघड नमुना. पोलिसांनी ते जप्त करून भर रस्त्यात रोडरोलरखाली चिरडले, तरी ती हौस फिटलेली दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याबाबत स्पष्ट आहे. नोंदणीपत्रातील तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. झिजलेल्या ब्रेक पॅडच्या जागी त्याच मापाचा नवा बसवणे हा मात्र फेरफार नव्हे. चेन, प्लग, एअर फिल्टर, क्लच केबल यांचेही तेच. दोन्ही प्रकारांना एकाच तराजूत तोलण्याची सवय पोलिसांना आणि विमा कंपन्यांना लागू नये, यासाठी तरी स्वारांनी सायलेन्सरचा मोह आवरायला हवा.

दुसरा दोष कमी ऐकू येणारा, पण अधिक घातक. घरी ऑइल बदलले, की एक ते अडीच लिटर काळे तेल हाती उरते. त्याचे काय होते? बहुतेक वेळा ते पार्किंगमधल्या गटारात जाते, म्हणजे पुण्यात मुळा-मुठेत आणि मुंबईत खाडीत. वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. एप्रिल २०२४ पासून त्याचे संकलन आणि पुनर्प्रक्रिया यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. पण दोन लिटर तेलाचा डबा घेऊन निघालेल्या नागरिकाने तो नेमका कोणाच्या हाती द्यावा, हे कोणत्याही प्रभागात सहजी सांगता येईल, अशी स्थिती नाही. जे पेट्रोल पंप ऑइल विकतात त्यांनी ते परतही घ्यावे, एवढी साधी सक्तीसुद्धा पुरेशी ठरेल.

जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे तर आणखी एक संकट आहे, आणि ते पेट्रोलच्या नळीतून आले आहे. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचेही. उसाच्या महाराष्ट्राला या धोरणाचा लाभ आहे, हे मान्यच करावे लागेल. पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याचशा गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या. मायलेज काहीसे घटेल आणि काही जुन्या वाहनांतील रबरी भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले. कार्ब्युरेटरमधल्या रबरी रिंगा आणि इंधनाची नळी बदलणे हे घरी होणारे काम आहे. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते; त्यामुळे कोकणात पावसाळ्यात महिना-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवणे शहाणपणाचे. रविवारच्या मिसळीच्या टेबलावर ही माहिती मिळते. पंपावर मात्र कमी इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचा पर्याय सर्वोच्च न्यायालयात मागूनही मिळाला नाही. त्यासाठीची याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. त्याच सुमारास वीस वर्षांपुढील मोटारसायकलीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दोन हजार रुपयांवर गेले. २०२२ पर्यंत पंधरा वर्षे जुन्या दुचाकीसाठी ते अवघे तीनशे होते.

रस्त्यांचीही तीच कथा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू हे राज्याचे अभिमानाचे तिन्ही रस्ते दुचाकीला बंद आहेत. वेगाच्या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव करण्यामागचे सुरक्षेचे कारण समजण्याजोगे आहे. मात्र त्यामुळे स्वाराच्या वाट्याला उरतात ते जुने घाट आणि वर्षानुवर्षे रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग. मैलोगणती गॅरेज नसलेल्या अशा रस्त्यांवर स्वतःच्या हाताला येणारे काम हीच काय ती मदत. पंक्चर काढता येणे, तुटलेली क्लच केबल बदलता येणे याला घाटात पर्याय नसतो.

यातला विरोधाभास चाकणमध्ये सर्वाधिक ठळकपणे दिसतो. तेथील बजाजच्या कारखान्यातून बाहेर पडणारी केटीएम ३९० ड्यूक युरोपातही विकली जाते आणि पुण्यातही. युरोपीय संघाच्या १६८/२०१३ या नियमावलीनुसार दुचाकी उत्पादकाने दुरुस्ती व देखभालीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. त्यासाठी वाजवी शुल्क घेता येते, नकार देता येत नाही. व्हिएन्नातल्या लहानशा गॅरेजला त्या गाडीचा विद्युत आराखडा नियमाने मागता येतो. जेथे ती बनते त्या चाकणच्या नाक्यावरील मिस्त्रीला आणि तिच्या पुण्यातील मालकाला तसे मागण्यासाठी बोट ठेवता येईल असा नियम नाही.