किती टाकू, साहेब?

मंडळी, खरं सांगा. पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा "किती टाकू, साहेब?" असं विचारतो, तेव्हा तुमच्या पोटात बारीकसा गोळा येतो की नाही? माझ्या यायचा. दिवसभर ऑफिसात क्लायंटसमोर आकडे फेकणारा माणूस मी, पण त्या क्षणी आवाज एकदम मऊ. "टाक की... नेहमीची." आणि त्याची नेहमीची म्हणजे 35. छोटी हॅचबॅक असो की सात सीटर, सगळ्यांना 35. समाजवाद!

मग मे महिन्यात नागपूरला चुलतबहिणीचं लग्न निघालं. पुण्याहून गाडीनेच जायचं ठरलं. मी, बायको, आई, बाबा आणि आत्या. डिकीत बॅगा, आहेराची भांडी आणि आईने "वाटेत लागेल" म्हणून घेतलेला अर्धा किराणा. छत्रपती संभाजीनगरपर्यंत नेहमीचा रस्ता, पुढे समृद्धी महामार्ग.

समृद्धी तुम्हाला माहीतच आहे. मुंबई-नागपूर 701 किलोमीटर, पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, शेवटचा जून 2025 मध्ये. काँक्रीटचा, सरळसोट, कारला 120 ची मर्यादा. आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतीलच. मीही वाचल्या होत्या. मागच्या सीटवर आई बसणार म्हटल्यावर त्या बातम्या वेगळ्याच आठवायला लागतात, बॉस.

तर मी सल्ले गोळा केले. ही माझी चूक नंबर एक.

बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची. गरम होऊन फुगते, टायर फुटतो. अठ्ठावीस ठेव." बाबांनी वीस वर्षं फियाट चालवली, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला घरात घटनेचा दर्जा आहे. टेक्सासमधल्या मावसभावाला मेसेज टाकला, तर तो म्हणाला, "सिंपल आहे रे. टायरच्या बाजूवर मॅक्स म्हणून आकडा लिहिलाय ना, तेवढी भर. मी तेच करतो." माझ्या टायरवर 44 लिहिलेलं. एकीकडे 28, दुसरीकडे 44. आणि ऑफिसातला एक मित्र, "अरे, नायट्रोजन मार, टेन्शन नाय." (साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, हे त्याला कोणीतरी सांगा.)

गंमत म्हणजे मावसभाऊ चुकीचं बोलत नव्हता. फक्त तो गाडीबद्दल बोलतच नव्हता! तो बोलत होता त्याच्या ट्रॅव्हल ट्रेलरबद्दल. म्हणजे पिकअपच्या मागे जोडून ओढत न्यायची फिरती खोली, बेड-किचन-बाथरूमसकट. तिचे टायर वेगळेच, बाजूवर 'एसटी' अशी अक्षरं असलेले. ते वळत नाहीत, गाडी खेचत नाहीत, फक्त ओझं वाहतात. आणि ओझंही बहुतेक वेळा टायरच्या ताकदीच्या काठावर असतं. म्हणून तिथे टायर थंड असताना बाजूवरच्या आकड्याइतकी पूर्ण हवा भरायची पद्धत आहे, त्याच्याकडे ती 65 आहे. कारचं तसं नाही. कारच्या टायरवरचा आकडा ही वरची मर्यादा. तेवढी भरली तर टायरचा मधलाच भाग रस्त्याला टेकतो, गाडी टुणटुण उडते आणि ब्रेक मारल्यावर पकड कमी मिळते.

मग आपला आकडा कुठे असतो? ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, खांबावर, एक स्टिकर असतो. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. चार वर्षं मी रोज ते दार उघडत होतो आणि तो स्टिकर मला दिसला नव्हता! त्यात दोन रांगा होत्या. दोन-तीन माणसं असतील तर पुढे 32, मागे 30. गाडी भरलेली असेल तर पुढे 33, मागे 36. (हे माझ्या गाडीचे हं. तुमचे तुम्ही बघा.)

निघायच्या दिवशी पहाटे पाच वाजता घराजवळच्या पंपावर मी पोराला पहिल्यांदा छाती काढून सांगितलं, "पुढे 33, मागे 36." आणि पैसे द्यायला गेलो.

दुपारी संभाजीनगरच्या अलीकडे जेवायला थांबलो. नवीन खेळणं म्हणून मी छोटा गेज आणि डिकीत बसणारा कॉम्प्रेसर घेतला होता, तो मिरवायला बाहेर काढला. मागचा टायर, 33. दुसरा, 33. मला कळेना. पहाटे थंड असताना 36 होती, तर अडीचशे किलोमीटर तापल्यावर ती 40 च्या पुढे हवी. कमी कशी झाली? दोन्ही टायर एकाच मापाने पंक्चर?

मी वर बघितलं. बाबा बडीशेप खात ढाब्याच्या बोर्डाकडे फार लक्षपूर्वक बघत होते.

"बाबा?"

"अरे, तू पैसे देत होतास ना, तेव्हा मी त्याला मागची अठ्ठावीस करायला सांगितली. ऊन किती आहे बघ."

मला राग आला. खरंच आला. कारण त्या 28 वर आम्ही पाच जण बसून आलो होतो. मग तिथेच, चाळीस अंशांत, आमचं वाजलं. मी म्हटलं, बाबा, तार हातात घेऊन वाकवत राहिलात तर तुटते ना? तुटायच्या आधी हाताला कशी लागते? गरम! टायरचं तेच. ओझं रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते. मिनिटाला शेकडो वेळा. त्या वाकण्याने तो आतून तापतो आणि फुटतो. उन्हाने दहा अंश वाढले तर हवा जेमतेम दीड-दोनने वाढते, आणि ती वाढ धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो. म्हणूनच तो थंड टायरचा असतो, गाडी तीन तास उभी असतानाचा. वाटेत 41 दिसली म्हणून हवा सोडायची नाही.

बाबा काही बोलले नाहीत. आत्या म्हणाली, "ताक मागवू का?"

टायरच्या बाजू चाचपून पाहिल्या. फुगवटा नाही, चीर नाही. टायर अजून तापलेले होते, म्हणून मागे 36 च्या वर चार धरून 40 भरली. थंड झाल्यावर परत तपासायची असं ठरवलं. समृद्धीवर मी शंभरच्या पुढे गेलो नाही. बाबा जालन्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मेहकरच्या पुढे कुठेतरी म्हणाले, "फियाटचा स्टिकर कुठे होता, आठवत नाही." त्यांच्या आवाजात असं काही होतं, की जेवणाच्या वेळी आवाज चढवला याचं मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कार्यालयाच्या पार्किंगमधून हाक आली. बाबा, धोतर सावरत, उकिडवे, हातात माझा गेज. "मागचा डावा पस्तीस आहे रे! एक कमी!"

शेजारी वधूपक्षाचे कुणी काका चहाचा कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, "राहू द्या हो. इथल्या उन्हात कमीच बरी असते."

बाबा उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमची गाडी कुठली? चला, जरा दार उघडून बघू."