सारखेपणा कुणाच्या वाट्याला?

२०२४ च्या स्वातंत्र्यदिनी राज्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांतली मुले गेल्या वर्षीच्या तोकड्या गणवेशात किंवा घरच्या कपड्यांत झेंड्यासमोर उभी राहिली. ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना राबवण्याचे ते वर्ष होते. शाळा उघडून दोन महिने होत आले तरी कुठे कापडच पोहोचले नव्हते, कुठे पोहोचलेले कापड शिवून मिळाले नव्हते, आणि जिथे गणवेश आले तिथेही ते मापाचे नसल्याच्या तक्रारी होत्या. डिसेंबरमध्ये सरकारने माघार घेतली आणि गणवेशाचा अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांना परत दिला. हे योग्यच झाले. मात्र या फजितीतून एक निष्कर्ष सर्रास काढला जातो: समता सक्तीने आणायला गेले की माणसांचे वेगळेपण असेच चिरडले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि घातकही. शिष्यवृत्ती, आरक्षण, मुलींचा वारसाहक्क या सगळ्यांविरुद्ध आज ना उद्या तोच पुढे केला जातो. म्हणून या प्रकरणात नेमके काय लादले गेले आणि कुणावर, हे नीट पाहायला हवे.

एकाच वर्षी, २०२३ मध्ये, गणवेशाबाबत दोन निर्णय झाले होते. समग्र शिक्षा योजनेतून तोवर सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतली मुले यांनाच मोफत गणवेश मिळत असे. त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणारे, बापाच्या दीड एकर कोरडवाहूवर जगणारे पण यादीत न बसणारे पोर कोरडेच राही. राज्याने स्वतःचा पैसा घालून या उरलेल्या मुलांनाही योजनेत घेतले. हा समतेचा निर्णय होता आणि त्याने कुणाचेही काही हिरावले नाही.

दुसरा निर्णय रंगाचा आणि खरेदीचा. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आकाशी सदरा आणि गडद निळी विजार. कापड वरून येणार, शिलाई बचत गटांकडे. पुढे स्काउट-गाइडचा दुसरा गणवेश शिवण्याची जबाबदारी समित्यांवर आली, तेव्हा त्यासाठी एका गणवेशामागे ११० रुपये ठरले. तेवढ्यात शिवून देणारा शिंपी शोधता शोधता मुख्याध्यापकांची दमछाक झाली. याआधी गावची समिती रंग ठरवत असे, जवळच्या बाजारातून कापड घेत असे, ओळखीच्या शिंप्याकडून मापे घेऊन कपडे शिवून घेत असे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. म्हणजे मुलाच्या अंगावर काय असावे हे ठरवण्याचा जो थोडासा अधिकार शेतमजूर आईबापांना कायद्याच्या आधाराने मिळाला होता, तोच काढून घेतला गेला. पहिल्या निर्णयाने मुलांना काही दिले. दुसऱ्याने त्यांच्या पालकांचे काही काढून घेतले. दोन्हींना समता म्हणणे ही मोठी गफलत आहे.

एका वर्गातल्या मुलांनी एकसारखे कपडे घालावेत, याला आमचा विरोध नाही. कुणाच्या घरात किती आहे हे वर्गात कपड्यांवरून कळू नये, हा गणवेशाचा मूळ हेतू निर्विवाद चांगला आहे. पण तो हेतू एका शाळेच्या आवारात पूर्ण होतो. धडगावच्या शाळेचा रंग देवगडच्या शाळेपेक्षा वेगळा असल्याने कोणत्या गरीब मुलाचा कमीपणा वाढतो? उलट राज्यभराचा एकच रंग ठरवला की सरकारी शाळेचे मूल बाजारात, एसटीत, जत्रेत दुरून ओळखू येऊ लागते. खासगी शाळांचे टाय, बोधचिन्हे, रंगीत स्वेटर यांना तर या योजनेने हातही लावला नव्हता. सारखे केले गेले ते फक्त गरिबांना, आणि त्यांचे इतरांपासूनचे अंतर अधिक ठळक झाले.

हे अंतर खरोखर कमी करणारी एक सक्ती आपल्याकडे कायद्यातच आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा बजावतो. या सक्तीचे राज्याने काय केले? फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द ठरवला. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. जे सरकार झेडपीच्या मुलांना एका रंगात बसवण्यासाठी इतका आटापिटा करत होते, तेच सरकार त्याच वर्षी डॉक्टरांच्या मुलाशेजारी मोलकरणीच्या मुलीला बसवणारे बंधन सैल करत होते. सारखेपणा खाली लादायचा आणि समतेची सक्ती वर पोहोचली की हात आखडता घ्यायचा, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी खोड आहे. ती कोणत्याही एका पक्षाची नाही.

समतेच्या सक्तीने व्यक्तित्व मरते की फुलते, याचा पुरावा महाराष्ट्राला दूर शोधावा लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. त्याच निवेदनात खेड्यातल्या शाळेचा अभ्यासक्रम शहरातल्यापेक्षा आटोपशीर असला तरी चालेल, पण तो व्यवहारोपयोगी हवा, त्यात शेतीची प्राथमिक माहिती हवी, असेही त्यांनी सुचवले. सक्ती कशाची आणि मोकळीक कशाची, हे त्यांना स्पष्ट होते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ही सक्तीच होती, आणि तिला त्या काळी विरोधही झाला. पण याच राजाने मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली किंवा उभी राहायला हात दिला. शाळेत जाणे सर्वांना बंधनकारक. राहणे, जेवणे, घरची भाषा आपापली.

आणि ज्या जातिव्यवस्थेला आपण विषमता म्हणतो, तिच्याइतका सारखेपणा दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थेने लादला नाही. जातीत जन्मलेल्या हजार माणसांचे काम एक, वस्तीची दिशा एक, अंगावरचे कपडे आणि दागिने ठरलेले. त्यातला कोण गाणारा, कोण गणितात हुशार, कोण अबोल, हे विचारण्याची गरजच कुणाला नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना जात सांगणारी लुगड्याची पद्धत आणि गळ्या-हातातले जड दागिने टाकून द्यायला सांगितले. जन्माने ठरलेला तो गणवेशच होता. पुढे राज्यघटनेचे १७ वे कलम आले, १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आला, १९५८ च्या कायद्याने महारकी वतने गेली. यातले काहीही कुणाच्या सदिच्छेवर सोडले नव्हते. सगळे कायद्याच्या धाकाने झाले. १९५० मध्ये औरंगाबादेत बाबासाहेबांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या परिसरातून गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले आणि एका पिढीला लिहायला जागा मिळाली. १९७२ चा ‘गोलपिठा’, १९७८ चे ‘बलुतं’, २००३ चे ‘आयदान’ ही पुस्तके शेजारी ठेवून वाचा. नामदेव ढसाळ दया पवारांसारखे लिहीत नाहीत, ऊर्मिला पवार त्या दोघांसारखे लिहीत नाहीत. ज्यांना समाज एकाच नावाने हाकारत होता, त्यांच्यातून इतके वेगवेगळे आवाज उमटले. मराठी साहित्यात गेल्या शंभर वर्षांत जे वैविध्य आले, त्यातला फार मोठा वाटा समतेच्या या सक्तीचा आहे.

तरीही समतेच्या सक्तीने व्यक्तित्व मरेल ही भीती अगदीच निराधार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना खुद्द बाबासाहेबांनीच बजावले होते की स्वातंत्र्याविना समता आली तर ती व्यक्तीची कर्तृत्वशक्ती मारून टाकील. १९७५ नंतरच्या चार वर्षांत कंबोडियात ख्मेर रूज राजवटीने शहरे रिकामी केली, पैसा बंद केला, सर्वांना काळे कपडे आणि सामुदायिक भोजन सक्तीचे केले. १५ लाखांहून अधिक माणसे त्यात गेली. पण तिथेही सगळे सारखे नव्हतेच. हुकूम सोडणारे मूठभर वर होते आणि त्यांना प्रश्न विचारण्याची कुणाला मुभा नव्हती.

आपल्याकडे धोका इतका भीषण नाही, पण तो आहे, आणि कधी कधी समतेच्या कायद्यातूनच येतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलांनी आधी आपल्या भाषेत शिकावे, ही साधी इच्छा. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली, कारण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मान्यतेविना शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि नंतर रोज दहा हजारांपर्यंत. खोल्या किती, शिक्षक किती, पात्रता कोणती, हे निकष पुण्यातल्या शाळेला लावावेत तसेच जंगलातल्या शाळेला लावले गेले. याच कायद्याचे २९ वे कलम शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असे सांगते आणि घटनेचे ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी राज्यावर तीच जबाबदारी टाकते. त्यांची आठवण दंडाच्या कलमाइतक्या तत्परतेने झाली नाही. निकष कशासाठी? मुलाला चांगले शिक्षण मिळावे यासाठी. ते मिळवण्यासाठी गावाने केलेली धडपडच निकषांच्या आड येत असेल, तर निकष वाकवायला हवेत.

इथे मराठी समाजालाही काही सांगणे आहे. २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याच्या निर्णयाविरुद्ध महाराष्ट्र एकवटला आणि २९ जूनला सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. तो विरोध रास्त होता आणि त्यामागे आम्हीही उभे आहोत. पण लहान मुलावर परकी भाषा लादू नये, हे तत्त्व मराठी मुलापुरते ठेवता येणार नाही. भामरागडच्या माडिया मुलाला, मेळघाटातल्या कोरकू मुलीला पहिलीच्या वर्गात जे वाटते, ते तेच आहे.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रातल्या ग्रामसभांनी चालवलेल्या मातृभाषी शाळांसाठी राज्याने स्वतंत्र मान्यता-नियम करावेत, आणि मोहगावपासून सुरुवात करावी. गणवेशाचा अधिकार समित्यांकडे परत आला आहे, तो पुन्हा कोणत्याही निमित्ताने मंत्रालयात जाऊ नये. आणि २५ टक्के जागांच्या बाबतीत मात्र सरकारने सक्ती सैल करू नये: शाळांची वर्षानुवर्षे थकणारी शुल्क-प्रतिपूर्ती वेळेवर द्यावी, म्हणजे प्रवेश नाकारण्याचे कारण उरणार नाही, आणि तरीही नाकारणाऱ्या शाळेवर कारवाई करावी. गोंडी शाळेला दंडाची भीती दाखवणारा कायदा बड्या खासगी शाळेच्या दारातही तितक्याच ठामपणे उभा राहिला पाहिजे.