ऋण काढून सण

दसरा-दिवाळी जवळ आली की हप्त्यांच्या जाहिरातींना ऊत येतो आणि पगारदार मनुष्य क्रेडिट कार्डालाच मिळकत समजू लागतो. या भ्रमाचा हिशेब त्याने एकदा कागदावर मांडावा. ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज होते १,७५० रुपये. ‘किमान रक्कम’ म्हणून २,५०० रुपये भरले, तर मुद्दल फिटते अवघे ७५०. व्याजावरील कर निराळाच!

जुन्या दामदुपटीच्या नियमाने थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक मागण्यास सावकारास मज्जाव होता. आज ती मर्यादा कर्जदारानेच स्वतःस घालून घ्यावयाची आहे. कार्डावरील नवी खरेदी थांबवावी, सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. सहा-सात टक्क्यांची ठेव जपून बेचाळीस टक्क्यांचे ऋण पोसणे हा शहाणपणा नव्हे. हॉटेल, टॅक्सी, हौसेची खरेदी यांतून वाचलेला प्रत्येक रुपया मुद्दलात जावा.

आजारपणापायी वा घरभाड्यापायी झालेल्या कर्जात लाज कसली? अनर्थ आहे तो ते घरच्यांपासून लपविण्यात. यंदाच्या लक्ष्मीपूजनास चोपडीत हा आकडा सर्वांसमक्ष लिहिला जावा. ऋणमुक्तीचा आरंभ तेथूनच होईल.