जिव्हाळ्याचा हिशेब

पणजीच्या फोंतेन्हासमधले, पोर्तुगीजकालीन घरात थाटलेले नेटके हॉटेल ‘कृत्रिम’ आणि मालवणकडची घरगुती राहण्याची सोय ‘अस्सल’, हा निवाडा आपल्याकडे सिद्धान्तासारखा उच्चारला जातो. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाला; पुढे या अस्सलपणाची बाजारपेठही उभी राहिली. पण तो अस्सलपणा घडवते कोण? पहाटे उठून नारळ खवणारी, दुपारी सोलकढी गाळणारी, रात्री पाहुण्यांची भांडी घासणारी घरधनीण. हॉटेलातल्या आचाऱ्याचा पगार निदान ठरलेला असतो. हिच्या कष्टांना मात्र आपण ‘जिव्हाळा’ म्हणतो आणि वर खोलीच्या भाड्यात घासाघीस करतो. खेडे अवश्य निवडावे. पण जिव्हाळा फुकट असतो, हा भ्रम शहरातच सोडून यावे.